कमी खर्चाची ऑफरोड जीप-पिकअप शर्यत: नियम काय असावेत, गाडीत किती बदल करू द्यावेत?

घाटरस्ता

नमस्कार मंडळी. मुंबई-ठाणे-पनवेल पट्ट्यातल्या जुन्या फोरव्हीलवाल्यांचा (म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद जाते अशा गाड्यावाल्यांचा) आमचा छोटा गट आहे. बहुतेक जिप्सी, काही २०१० नंतरच्या जुन्या थार, एमएम ५४० आणि दोन-तीन बोलेरो कॅम्पर फोरव्हील. दिवाळीनंतर मुरबाडकडे एका खासगी जमिनीवर घड्याळ लावून शर्यत घ्यायचं चाललंय. एका वेळी एकच गाडी सुटणार. चाकाला चाक लावून पळवायचं नाही, हे पहिल्याच बैठकीत ठरलं.

धागा काढायचं कारण नियम. आपल्याकडे १९९९ पासून रेड दि हिमालय झाली, २०१४ पासून गोव्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज होतंय. पण तिथल्या पुढच्या रांगेतल्या गाड्या पाहिल्या की नोकरदार माणूस फोटो काढून घरी येतो. मेक्सिकोत १९६७ साली बाहाची ऑफरोड शर्यत सुरू झाली तेव्हा लोक साध्या गाड्या घेऊन वाळवंटात उतरले होते. १९९४ पर्यंत त्यातूनच ट्रॉफी ट्रक नावाचा वर्ग निघाला, ज्याला जवळजवळ काहीच बंधन नाही आणि खर्चाला तळ नाही. त्याच शर्यतीत ‘क्लास ११’ही आहे. त्यात जवळपास मूळ अवस्थेतली फोक्सवॅगन बीटल पळवतात आणि तेच पठ्ठे सगळ्यात जास्त टाळ्या घेतात. मला आपल्याकडे त्या धर्तीचं काहीतरी हवंय.

माझा कच्चा प्रस्ताव: गाडी आणि सगळे बदल धरून साडेतीन लाखांची मर्यादा. बिलं दाखवायची. यावर बोला.

कुर्लाकर

घाटरस्ता दादा, कल्पना झकास आहे, पण बिलाचं तेवढं सोडून द्या.

आमचं दुकान सीएसटी रोडपासून लांब नाही, त्यामुळे जुन्या पार्टचा बाजार रोज बघतो. एकच शॉकअप तुम्हाला एका भावाने मिळेल, मला ओळखीवर निम्म्यात मिळेल आणि ज्याच्या चुलत्याचं गोदाम आहे त्याला फुकट मिळेल. बिल तर हव्या त्या आकड्याचं लिहून मिळतं. ज्याचा मेस्त्री घरचा त्याची मजुरी शून्य. म्हणजे तुमची मर्यादा पाळणार तो सरळ माणूस, ज्याने खरं बिल आणलं. त्यालाच दंड करण्यासारखं आहे हे.

शिवाय जिप्सीचे भाव बघा. कंपनीने बनवणं थांबवल्यापासून चांगली जिप्सी मिळणंच कठीण झालंय. गाडीची किंमत मर्यादेत धरलीत तर पहिल्याच दिवशी अर्धे लोक बाहेर.

डांबर_नको

कुर्लाकरांना +१, पण पैशाची मर्यादा चालवून दाखवलेले लोक आहेत हेही सांगायला हवं. अमेरिकेत २००६ पासून ‘२४ अवर्स ऑफ लेमन्स’ होते. ती सर्किटवरची, आपली ऑफरोड नव्हे, पण नियमाचा विचार घेण्यासारखा आहे. गाडीची मर्यादा ५०० डॉलर. मात्र सुरक्षेचं सामान, म्हणजे रोल केज (गाडी उलटली तर माणसाला वाचवणारा पाइपांचा सांगाडा), सीट, हार्नेस (खांद्यांवरून जाणारा शर्यतीचा पट्टा), आग विझवायची व्यवस्था, हे त्या ५०० मध्ये मोजत नाहीत. आणि पंचांना गाडी मर्यादेबाहेरची वाटली तर ते सरळ दंडाचे फेरे लावतात. म्हणजे सुरुवातीलाच काही फेऱ्यांनी मागे.

दुसरी रीत तिकडच्या मातीच्या ट्रॅकवर होती. शर्यत संपल्यावर प्रतिस्पर्ध्याला ठरलेल्या किमतीत तुमचं इंजिन विकत मागता येई, आणि तुम्हाला नाही म्हणता येत नसे. मग महागडं इंजिन लावेल कोण?

आपल्या गटात सगळे एकमेकांना ओळखतात. तिथे हा मागणीचा नियम लावला तर मैत्री तुटेल, म्हणून मी तो सुचवणार नाही. पण सुरक्षा मर्यादेबाहेर ठेवायची ही गोष्ट पहिल्या ओळीत लिहा.

मिलिमीटर

माझं काम फॅब्रिकेशनचं, म्हणून केजबद्दल जरा सविस्तर लिहितो. इथे कुणी घाई करू नये.

पिकअपवाले मागच्या हौद्यात चकचकीत स्टीलचा जो ‘रोल बार’ लावतात तो शोभेचा आहे. तो हौद्याच्या पत्र्याला चार बोल्टांनी धरलेला असतो. गाडी उलटली की वजन कॅबच्या छपरावर येतं, हौद्यावर नाही. केज कॅबच्या आत, माणसाभोवती पाहिजे. जिप्सी-थारच्या उघड्या गाड्यांत तर तो नसेल तर सुटूच देऊ नका.

पाइप कोणता? एफआयए या जागतिक मोटारस्पर्धा संघटनेच्या नियमात, अ‍ॅपेंडिक्स जे मधल्या २५३ व्या कलमात, हे स्पष्ट आहे: थंड ओढलेला, बिनजोड कार्बन स्टीलचा पाइप, ताणशक्ती किमान ३५० न्यूटन प्रति चौरस मिमी. चालकाच्या मागची मुख्य कमान ४५ मिमी व्यासाची आणि २.५ मिमी जाडीची, नाहीतर ५० गुणिले २. बाकीचे पाइप ३८ गुणिले २.५ किंवा ४० गुणिले २. आपल्याकडे गल्लीतला वेल्डर पाण्याची जीआय पाइपलाइन वाकवून देतो आणि वर काळा रंग मारतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून प्रत्येक केजच्या मुख्य कमानीला, ताण कमी येतो अशा जागी, पाचेक मिलिमीटरचं एक भोक पाडायला सांगा. त्यातून जाडी मोजता येते. अमेरिकेतल्या क्लबांत ही पद्धत जुनी आहे.

वाकवणं थंडच. पाइपात वाळू भरून, भट्टीत तापवून वाकवलेला पाइप मी हातानेच परत करीन. वळणाची त्रिज्या पाइपाच्या व्यासाच्या तिप्पट तरी हवी, म्हणजे ४५ च्या पाइपाला १३५ मिमी. आतल्या बाजूला सुरकुती दिसली की तो पाइप भंगार.

पाय बसवताना खाली किमान ३ मिमी जाडीची आणि १२० चौरस सेंटिमीटरची पट्टी, आणि ८.८ ग्रेडचे एम ८ बोल्ट किमान तीन. नुसत्या पत्र्याला बोल्ट मारला तर उलटताना केजचा पाय फरशी फोडून खाली जातो, आणि केज असून नसल्यासारखा.

एक गोष्ट चासीवाल्या गाड्यांची म्हणून वेगळी सांगतो. कॅब चासीवर रबराच्या माउंटिंगवर तरंगते, आणि खडकावर चासी स्वतःही पिळवटते. केज कॅबच्या फरशीला बांधायचा की फरशीतून खाली चासीला, हे आधी ठरवा. पुढचे पाय पत्र्याला आणि मागचे चासीला असं केलंत तर सगळा पीळ केजच्या वेल्डिंगवर येतो आणि तिथेच तडा जातो. तडा जोडाच्या अगदी कडेला, केसासारखा बारीक येतो. रंगाखाली दिसत नाही. तिथे नखाने चाचपून बघा, रंग सुटलेला लागतो.

आणि वेल्डिंग घासून गुळगुळीत करून आणू नका. मला टाका दिसला पाहिजे.

सहचालक

मी बाजूच्या सीटवर बसते, नकाशा माझ्या मांडीवर असतो. त्यामुळे चालकाइतकंच बाजूच्या माणसाचं बघा ही विनंती. बऱ्याच गाड्यांत चालकाला बकेट सीट आणि चार पट्ट्यांचा हार्नेस असतो, आणि डावीकडे कंपनीचं आसन आणि कंपनीचाच पट्टा.

हार्नेसची खांद्यावरची पट्टी मागे जाताना जवळपास आडवी राहायला हवी. खाली गेलीच तर ४५ अंशांच्या पलीकडे नाही. जिप्सीत लोक ती सीटमागे थेट फरशीला बांधतात. मग समोरून धक्का बसला की पट्टी खांदे खाली दाबते आणि सगळा मार मणक्याला. केजला मागे आडवी नळी वेल्ड करून तिला पट्टी गुंडाळायची, हेच बरोबर.

हेल्मेटचं तर मुद्दाम सांगते. बाइकचं हेल्मेट चालेल का, असं विचारणारे आहेत. मोटार शर्यतीच्या हेल्मेटची आगीची चाचणी होते, आणि केजच्या पाइपावर आदळण्याचीही होते. बाइकच्या हेल्मेटची ही होत नाही. स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेचं एसए मानांकन किंवा एफआयएचं लेबल आत, अस्तराखाली असतं. तपासणीत अस्तर उलटून ते बघा. डोक्याजवळ येणाऱ्या प्रत्येक नळीवर पॅडिंग, आणि उघड्या गाडीत खिडकीची जाळी. गाडी कलंडली की माणूस आपोआप हात बाहेर काढून जमिनीला टेकवतो, आणि हात गाडीखाली जातो. जाळी त्यासाठी आहे.

घाटरस्ता

मिलिमीटर काका, ताई, हे सगळं जसंच्या तसं नियमात घेतो. सुरक्षा मर्यादेबाहेर, आणि पैशांची मर्यादाच काढून टाकतो. कुर्लाकरांचं म्हणणं पटलं.

मग खर्च आवरायचा कसा? सगळे प्रतिसाद वाचून मला एकच उत्तर दिसतंय: जे शर्यतीच्या दिवशी, चिखलात उभं राहून, टेप आणि व्हर्नियरने मोजता येईल तेवढंच नियमात लिहायचं. ‘गाडी मूळ स्वरूपात असावी’ हे वाक्य ऐकायला छान आहे, पण ते मोजायचं कसं? त्यावर फक्त भांडणं होणार. त्याऐवजी टायर अमुक इंच, शॉकअप एका चाकाला एक, असं काही. सस्पेन्शनच्या जाणकारांनी बोला.

पाटेवाला

सस्पेन्शन हा माझा विषय, आणि पैसा सगळ्यात जास्त तिथेच जिरतो.

आधी एक गैरसमज. लिफ्ट किट लावली की गाडी उंच झाली, आता दगड लागणार नाही, असं लोकांना वाटतं. जिप्सीत पुढेमागे अखंड अ‍ॅक्सल आहे. लिफ्टने बॉडी आणि चासी वर जाते, डिफ (अ‍ॅक्सलच्या मधला गिअरचा गोळा) जिथे होता तिथेच राहतो. डिफ वर उचलायला फक्त टायर मोठा लागतो. जिप्सी किंगचा मूळ टायर २०५/७० आर १५, म्हणजे साधारण ६६८ मिमी व्यास. २३५/७५ आर १५ लावला तर ७३३ होतो, डिफ जवळपास ३३ मिमी वर येतो. ३१ इंची टाकला तर ६० मिमी. पण मग गिअरिंग १८ टक्क्यांनी लांबतं, तेराशेच्या इंजिनाला चढावर दम लागतो, मीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी सत्तरच्या वर असते, आणि पुढच्या अ‍ॅक्सलचे जॉइंट तुटायला लागतात. जॉइंट तुटला की मजबूत शाफ्ट, मग गिअर बदल, मग लॉकर (डिफ बांधून दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा भाग). एका टायरपायी पूर्ण गाडी बदलावी लागते. म्हणून टायर बांधला की अर्धा खर्च आपोआप बांधला जातो. माझी शिफारस: जिप्सी आणि एमएमला २३५/७५ आर १५ ही कमाल. जड पिकअपना कंपनीच्या मापापेक्षा एक पायरी वर. माप टायरच्या कडेवर लिहिलेलं असतं, तरी व्यास टेपने मोजा, कारण वेगवेगळ्या कंपन्यांचं ‘तेच’ माप सारखं भरत नाही.

दुसरं शॉकअप. स्प्रिंग धक्का साठवते, शॉकअप त्याची उष्णता करून टाकतो. खडबडीत रस्त्यावर सतत पळालात की साध्या दोन नळ्यांच्या शॉकअपचं तेल तापतं, त्यात हवा मिसळून फेस होतो आणि शॉकअप नावापुरता उरतो. गाडी मग उड्या मारत चालते. पैसेवाला यावर बाहेरून वेगळी टाकी जोडलेला, नायट्रोजन भरलेला शॉकअप लावतो, आणि एका चाकाला दोन-दोन लावतो. इथे नियम सोपा ठेवा: एका चाकाला एकच, बाहेरची टाकी नाही, मूळ जागीच बसवलेला. एका टोकाच्या डोळ्यापासून (बोल्टाच्या भोकापासून) दुसऱ्या टोकाच्या डोळ्यापर्यंत लांबी, पूर्ण उघडल्यावर किती ते आकड्यात द्या. गाडी जॅकवर घेऊन चाक लोंबू दिलं की टेपने दोन मिनिटांत मोजून होतं.

पाट्यांवर (पानांच्या स्प्रिंगवर) मात्र बंधन नको. एखादा पान वाढवणं, पहिल्या पानाच्या डोळ्यावर दुसरं पान गुंडाळून घेणं, ही कामं कुठलाही पाटेवाला करतो, आणि त्याने गाडी टिकते. मुख्य पान डोळ्यापाशी तुटलं तर अ‍ॅक्सल सरकतो, म्हणून ती गुंडाळी मी सक्तीचीच करीन. शॅकलची (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या झुलत्या दुव्याची) लांबी मूळच्यापेक्षा फार वाढवू देऊ नका. मागे वाढवली की गाडी नाकावर येते, आणि पुढे अ‍ॅक्सलचा कोन फिरून स्टीअरिंग थरथरायला लागतं.

नवीन_थार

माझी २०२० नंतरची थार आहे. रोज ऑफिसला नेतो, अंधेरी ते बीकेसी. मागच्या डिफला कंपनीचंच लॉकर आहे. मला भाग घेता येईल का? आणि लिफ्ट, पुढचा स्टील बंपर लावला तर आरटीओचं काय?

कोर्टाच्या_पायरीवर

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, कारण इथे लोक अडकतात.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवर नोंदलेला तपशील आणि उत्पादकाने मूळ दिलेला तपशील यांत तफावत येईल असा बदल मालकाला करता येत नाही. केरळ उच्च न्यायालयाने यावर थोडी ढील दिली होती. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने १८२ अ हे कलम आलं: परवानगीशिवाय बदल केल्यास मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द नीट वाचा. पुढच्या बाजूला लावतात त्या बुल बारबद्दल तर केंद्रीय रस्ते मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलंय की तो लावणं म्हणजे कलम ५२ चा भंग आहे.

शर्यतीचं कलम १८९. राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक जागी शर्यत किंवा वेगाची चाचणी केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा पकडलं तर एक वर्ष किंवा दहा हजार, किंवा दोन्ही. आणि कायद्याने सार्वजनिक जागा म्हणजे फक्त रस्ता नव्हे. लोकांना जायचा हक्क आहे अशी कुठलीही जागा त्यात येते. समुद्रकिनारा, नदीचं पात्र, गायरान ही डोक्यातून काढून टाका. खासगी जमीन, मालकाचं लेखी संमतीपत्र, आणि कुंपण. पोलीस ठाण्याला आधी पत्र. शक्य असेल तर फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडियाशी संलग्न क्लबामार्फत परवाना घेऊनच करा. शर्यत अधिकृत होते, आणि तांत्रिक तपासणीला जाणता माणूस मिळतो.

विमा: तुमच्या गाडीच्या पॉलिसीत ‘लिमिटेशन्स अ‍ॅज टु यूज’ म्हणून परिच्छेद असतो. त्यात आयोजित शर्यत, वेगचाचणी, रिलायबिलिटी ट्रायल हे वापर वगळलेले असतात. शर्यतीत काही झालं तर ती पॉलिसी उपयोगाची नाही. आयोजकाने वेगळा विमा घ्यायलाच हवा.

तेव्हा नवीन थारवाले साहेब, रोजची गाडी कापू नका. ज्यांनी केज आणि बाकी बदल केलेत त्यांनी गाडी फ्लॅटबेडवर न्यावी. मानखुर्दहून वाशी पुलावर स्वतः चालवत नेणं हा रस्त्यावरचा गुन्हा, मैदानावर पोचल्यावरचा नाही.

शेतावरचा

मी मुरबाड तालुक्यातलाच. गाड्यांचं फार कळत नाही, पण जमिनीचं कळतं, म्हणून लिहितो.

भात कापल्यावर खाचरं रिकामी दिसतात, म्हणून शहरातली माणसं गाड्या घालतात. खाचराचा बांध एका गाडीने फुटतो, आणि तो बांधायला घरच्या माणसांचे चार-सहा दिवस जातात. ओल टिकून असेल तिथे वाल, हरभरा टाकलेला असतो. दिवाळीनंतर लगेच तर तो उगवूनही आलेला नसतो, तुम्हाला माती दिसेल. मार्ग आखताना गावातला माणूस बरोबर घ्या, आणि मार्ग माळावर आखा, जिथे मुरूम आहे. ओढ्यातून नेणार असाल तर खालच्या अंगाला कुणी पाणी भरतं का ते विचारा. गाडीचं तेल पाण्यात गेलं तर गुरं पीत नाहीत.

मालकाने हो म्हटलं म्हणजे गावाने हो म्हटलं असं नसतं. सरपंचांना आणि शेजारच्या खातेदारांना आधी भेटा भाऊ. आनंदाने मदत करतील.

डांबर_नको

शेतावरचे दादा, मनापासून आभार. अमेरिकेत २०१४ पासून गॅम्बलर ५०० नावाचा प्रकार चालतो. ५०० डॉलरच्या आसपासच्या गाड्या घेऊन रानवाटांवर जायचं आणि येताना तिथला कचरा भरून आणायचा. आपण पिकअपवाल्यांच्या हौद्यात जागा ठेवूया. शर्यतीनंतर मार्ग चालत जाऊन तुटलेलं प्लास्टिक, पट्ट्या, बाटल्या सगळं उचलायचं, आणि तोवर निकाल लावायचा नाही.

मार्ग माळावर आणि वाकडातिकडा आखला तर इंजिनाच्या ताकदीचा प्रश्नही मिटतो. ईसीयू रीमॅप केलाय, म्हणजे इंजिनाच्या संगणकात बदल करून ताकद वाढवलीय, की नाही हे टेपने कळत नाही. पण २९ इंची टायरवर, मुरमाच्या चढावर, दुसऱ्या गिअरमध्ये वीस घोडे जास्त असून काय करणार? चाक फिरत राहील. इंजिनावर नियमच नको, मार्गच असा ठेवा.

कुर्लाकर

लॉकरचं राहिलं. बाहेरून आणलेला एअर लॉकर बंद करा, हे मान्य. पण डिफ वेल्ड करून टाकणं हा गरिबाचा लॉकर आहे, त्याला का अडवायचं? खर्च जवळपास नाहीच.

पाटेवाला

मागचा वेल्ड करू द्या, पुढचा नाही. पुढचा वेल्ड केला की स्टीअरिंग वळत नाही, आणि वळवलंच तर जॉइंट जातो. मागचा वेल्ड केलेली गाडी रस्त्यावर धोक्याची असते, विशेषतः पावसात वळणावर. त्यामुळे ती फ्लॅटबेडवरच यायला हवी. जिप्सी जेमतेम टनभराची, तिचा शाफ्ट ते सोसतो. बोलेरो कॅम्पर दीड टनाच्या पुढे जाते, तिथे पहिल्याच खडकावर शाफ्ट पिळून निघेल. ज्याचं त्याने बघावं.

कंपनीने दिलेलं लॉकर आहे ते राहू द्या. नवीन थार मुळातच वेगळ्या तोडीची आहे, तिला वेगळा वर्ग द्या.

अवांतर: ओढा असेल तर डिफचे ब्रीदर (आतली हवा ये-जा करायचं तोंड) बघा. तापलेला डिफ थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं. ब्रीदरची नळी बॉनेटपर्यंत वर नेऊन ठेवली की हे टळतं, खर्च एका रबरी पाइपाचा. घरी आल्यावर डिफचा खालचा नट थोडा सैल करून बघा. तेल दुधाळ, चहासारखं निघालं की पाणी गेलंय, त्याच दिवशी बदला. बेअरिंगला गंज चढायला वेळ लागत नाही.

सहचालक

ओढून काढायचंही लिहा. टो बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) पट्टा अडकवायला सक्त मनाई. तो तुटला की गोळीसारखा येतो. चासीला बोल्ट केलेला हुक पुढे-मागे प्रत्येकी एक, लाल किंवा पिवळा रंगवलेला, चिखलात दिसेल असा. दोरावर ओलं पोतं किंवा जाड जॅकेट टाकायचं, आणि बघ्यांनी दोराच्या दीडपट लांब उभं राहायचं.

बॅटरीचा कट-ऑफ (वीज तोडायचा स्विच) बाहेरून बंद करता यायला हवा, आणि त्यावर निळ्या त्रिकोणात लाल विजेचं चिन्ह. गाडी उलटी असताना मदतीला आलेल्या माणसाला तो शोधावा लागू नये.

घाटरस्ता

सगळ्यांचं मिळून हे असं झालंय.

पैशांची मर्यादा नाही. दोन वर्ग, वजनावरून. शर्यतीच्या आदल्या दिवशी येताना कळंबोलीच्या स्टील मार्केटजवळ कुठल्याही वजनकाट्यावर गाडी फ्लॅटबेडसकट तोलायची, उतरवून फ्लॅटबेड पुन्हा तोलायचा, आणि दोन्ही पावत्या आणायच्या. बॉडी कापून हलकी करणाऱ्याला त्यातच आळा बसेल, कारण प्रत्येक वर्गाला किमान वजन असेल. नवीन थार हा तिसरा वर्ग, त्यात लिफ्टला बंदी. टायर पाटेवाल्यांनी सांगितल्याप्रमाणे. शॉकअप एका चाकाला एक, लांबीचा आकडा प्रत्येक मॉडेलचा ते या आठवड्यात देतील. मागचा डिफ वेल्ड चालेल. इंजिनावर नियम नाही. केज, सीट, हार्नेस, हेल्मेट, कट-ऑफ, हुक, दोन किलोचं अग्निशामक हे सगळ्यांना सक्तीचं, चालक आणि सहचालक दोघांनाही सारखं. यात सूट मागू नये, कुणाचीही ओळख असली तरी.

शेतावरच्यांना मी फोन करतोय. मार्ग त्यांच्याबरोबर चालूनच आखू, आणि सरपंचांना भेटायला आम्ही तिघं जाऊ.

मिलिमीटर

तपासणी आदल्या संध्याकाळी उजेड असेपर्यंत. विजेरीच्या उजेडात वेल्डिंगचा तडा दिसत नाही. टेप, व्हर्नियर आणि भोकाच्या जाडीचं मापक मी आणतो.

ज्यांचे केज अजून व्हायचेत त्यांनी एकेकट्याने पाइप घेऊ नका. थंड ओढलेला बिनजोड पाइप किरकोळीत महाग पडतो, आणि दुकानदार बऱ्याचदा वेल्ड केलेला ईआरडब्ल्यूच हातात ठेवतो. ओळखायचं असेल तर कापलेल्या टोकातून आत बोट फिरवा, वेल्डची उभी शीर लागते. काही वेळा ती शीर घासलेली असते, म्हणून मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागायचंच. पाच-सहा गाड्यांचा मिळून एकत्र घेतला तर भाव बरा मिळेल. येत्या शनिवारी सकाळी मी कळंबोलीला जातोय. कोणाला किती मीटर हवा ते शुक्रवार संध्याकाळपर्यंत इथे लिहा, मॉडेलसकट. जिप्सीला लागणारी लांबी आणि कॅम्परला लागणारी लांबी यांत बराच फरक आहे.

नवीन_थार

मिलिमीटर काका, शनिवारी मी येतो. मित्राचा टेम्पो आहे, सहा मीटरचे पाइप त्यात बसतील.